दुसरा मुडा

जिते स्टेशनावर मला पोचवायला आख्खा खार, म्हणजे आमचा खाऱ्या जमिनीचा खाडीकाठ, लोटला होता, असं मी परदेशात बरीच वर्षं सांगत आलो. ऐकणारा कोण आहे ते बघून माणसं वाढवायचो. एकदा रंगात येऊन बेंजोपार्टी घातली, आणि एका भाबड्या बाईंसाठी तर स्टेशनमास्तरच्या डोळ्यांत पाणीही आणलं. खरं म्हणजे तीनच माणसं होती. बाबा, आय आणि धाकटी बहीण यमुना. चौथा होता मुडा.

ज्यांनी मुडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं बियाणं पेंढ्यात घालायचं, पेंढ्याच्याच दोरीने गरगर आवळायचं आणि माळ्याला टांगायचं. झाला मुडा. बाबांनी बांधलेला मुडा असा घट्ट की रुळावर ठेवला असता तर रोहा पॅसेंजर घसरली असती आणि मुड्याला खरचटलंही नसतं. कलिंगडाएवढा तो गोळा बाबांनी खिडकीतून दिला नाही. डब्यात चढून, दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर ठेवला, बाळंतिणीजवळ मूल द्यावं तसा.

"बाल्या, हा दुसरा मुडा," ते म्हणाले. "तुझं घर कुठल्याच बांधाखाली नाय. तिथं उधान येनार नाय. दर वर्साला पेर, नवा कर, नवा बांध. बी झोपतं. पन जास्त झोपलं तर मरतं."

"त्याला सोताचं जेवन करता येत नाय, भात काय करेल तो," आय म्हणाली.

यमुना खिडकीशी आली. "दादूस, मुड्याला खिडकीजवल बसव. तो पयल्यांदाच चाललाय."

गाडी हलली. मी हात केला तो बाबांना, पण बाबा बघत होते मुड्याकडे. त्याचं मला तेव्हा हसू आलं होतं. आता ज्या ज्या वेळी आठवतं त्या त्या वेळी येत नाही.

आमचं गाव खाडीच्या अंगाला. मातीचा एक लांब बांध. त्याच्या आत भात, बाहेर चिखल आणि खाडी. समुद्राशी आमचा करार तेवढाच. उधाणाला पाणी बांधावर डोकं आपटतं आणि कधीतरी बांध फुटतो. त्याला आम्ही 'खांड गेली' म्हणतो. खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे. सबब चालत नाही. लग्न असेल तर लग्न थांबतं. एकदा नवरदेव मुंडावळ्यांसकट चिखलात उतरला आणि नवरीने बांधावर उभं राहून त्याच्यावर अक्षता टाकल्या, असं मी सांगतो. त्यातलं मुंडावळ्यांचं खरं आहे.

खाऱ्या जमिनीत कुठलंही भात येत नाही. आमच्याकडे राता होता, लाल दाण्याचा, मिठात पाय सोडून निवांत उभा राहणारा. सरकारी डेपोचं बियाणं आलं तसा बाकीच्यांनी तो सोडला. बाबांनी सोडला नाही. आणि रात्याची जुनी रीत अशी, की बियाण्याचा एक मुडा आपल्या माळ्याला आणि दुसरा अशा घरी, जे घर आपल्या बांधाखाली नाही. समुद्र एका घरी येईल, दोन्ही घरी नाही येणार. आमचा दुसरा मुडा वर्षानुवर्षं रोह्याला आत्याच्या माळ्याला असायचा. बाबा दर वर्षी नवा घेऊन जायचे, जुना घेऊन यायचे, मधल्या मध्ये जेवून यायचे. मग आत्या गेली. तिच्या मुलांनी कंपनीत नोकऱ्या धरल्या, स्लॅबचं घर बांधलं, आणि त्या घरात मुडा टांगायला आढं म्हणून राहिलं नाही. त्याच वर्षी मला स्कॉटलंडात शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली. विषय होता, भात मीठ कसं सोसतं. बाबांनी सरळ हिशेब केला. पोरगा तिकडे भाताचाच अभ्यास करणार, आणि त्याच्या डोक्यावर बांध नाही. त्याच्याहून चांगलं दुसरं घर कुठलं?

मुड्याला तिकडच्या सरकारचा परवाना माझ्या व्हिसाच्या आधी आला. हे मी वाढवून सांगत नाही.

थंडी कशी होती ते विचारू नका. लुंगी वाळत घातली तर ती आपल्या पायांनी चालत दाराशी यायची. माझ्या लॅबच्या मागे काचेचं ग्रीनहाऊस होतं आणि त्यात उन्हाऐवजी दिवे. मी मुडा सोडला, अर्ध्या बियाण्याला मोड आणले आणि मोठ्या ट्रेमध्ये पेरलं. खारातल्या माणसाला शिकवायला कोण येणार होतं? सुपरवायझर मला विचारायचे आणि मी असा काही सांगायचो की जणू भाताचा शोध आमच्याच घराण्याने लावला. दिवे सोळा तास चालू ठेवले. रोपांना थंडी वाजू नये, अंधार वाटू नये म्हणून.

राता वाढला. गुडघ्याला लागला, कंबरेला लागला, हिरवागार. पण लोंबी येईना. महिने गेले. दसरा गेला, दिवाळी गेली, मी रोज जाऊन रोपांची पोटरी, लोंबी फुटायच्या आधी फुगते ती जागा, चाचपून बघायचो. लोंबी नाहीच. मग एक दिवस माझं माझ्याच लक्षात आलं, आणि मी तिथल्या ओल्या फरशीवर बसलो. रात्याला घड्याळ असतं. दिवस लहान व्हायला लागला की त्याला कळतं, आता पाऊस सरला, आता दाणा धरायचा. मी सोळा तास दिवे पेटवून त्याला कायमचा जेठ महिना लावला होता. बिचारा लावणीचेच दिवस चाललेत असं समजून पानं काढत बसला. ही गोष्ट वनस्पतींच्या शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या दहा पानांत असते. आमच्या बाबांना तर ती पुस्तकाशिवाय ठाऊक होती.

उरलेलं अर्धं बियाणं होतं. ते राखायला हवं होतं. पण वर्ष संपत आलं होतं, हातात एक आकडा नव्हता, आणि मी मनाशी म्हटलं, पहिला मुडा बाबांकडे आहेच की. दहा दिवसांची रोपं केली, मिठाच्या पाण्यात उभी केली आणि मुळापानांसकट कुटून त्यांतलं मीठ मोजलं. उत्तर सुरेख आलं. राता मीठ अडवत नाही, पिऊन टाकतो. पण ते सगळं जुन्या पानांत कोंडून ठेवतो. जुनी पानं जळतात आणि मधला कोंब बिनमिठाचा राहतो. माझी वाहवा झाली. मुडा संपला.

हे मी घरी कळवलं का? मी काय कळवलं ते ऐका. मी लिहिलं, राता इतका उंच झाला की ग्रीनहाऊसच्या छपराची काच काढावी लागली. पुढच्या पत्रात लिहिलं, लोंबी अशी जड की प्रत्येकीला काठीचा टेकू. त्याच्याही पुढच्या पत्रात, एक म्हातारा लॉर्ड मोटारीने बघायला आला आणि त्याने रात्याला टोपी काढून नमस्कार केला. बाबा ही पत्रं घेऊन बांधावरच्या उघाडीपाशी जायचे. उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायची झडप. संध्याकाळी माणसं तिथेच टेकायची. बाबांना वाचता येत नव्हतं, यमुना वाचायची. माझ्या गोष्टींवर गाव हसायचं. तो लॉर्ड खोटा आहे हे सगळ्यांना कळत होतं. मला वाटायचं, टोपी खोटी हे ज्यांना कळतं त्यांना टेकूही कळत असेल. पण माणूस गमतीतली गंमत वेगळी काढतो आणि आतला दाणा खरा धरतो. तशीच सवय असते माणसाला. माझ्यासारख्या बाताड्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी सुपरवायझर म्हणाले, भाताला चार महिने लागतात, तू यीस्टवर काम कर, त्याला दीड तासात मूल होतं. मी भात सोडून यीस्टला लागलो. घरी कळलं तेव्हा यमुनाने लिहिलं, "दादूस, गावात सांगतात की ताडी फसफसवतं तेच तुझं यीस्ट. बाबा विचारतात, मग इथं काय वाईट होतं?"

वाईट तिथेही काही नव्हतं. यीस्टची आई अंगावर एक फुगवटा काढते, तो वाढतो, सुटा होतो, ती तिची मुलगी. मुलगी कोरी करकरीत जन्मते. आईच्या अंगावर मात्र जिथून ती सुटली तिथे गोल वण राहतो. प्रत्येक मुलीचा एक. विशिष्ट रंग घातला की सूक्ष्मदर्शकाखाली ते वण चमकतात. मी वर्षानुवर्षं वण मोजत बसलो. आणि मिठाचं म्हणाल तर, पाण्यात मीठ वाढलं की पेशी भागायची थांबते. अगदी अर्ध्यावर असली तरी थांबते. आधी आतलं घर सावरते, मग पुढचं. मी हे तिकडच्या लोकांना समजावताना म्हणायचो, आमच्या खारातसुद्धा असंच, खांड गेली की लग्न थांबतं. लोक हसायचे, टाळ्या पडायच्या.

तिसऱ्या वर्षी खरोखरच खांड गेली. भात फुलोऱ्यावर असताना उधाण आलं आणि आमच्या शेताच्या अंगालाच बांध फुटला. घरचा मुडा पेरून झालेला, उभं पीक खारं झालेलं. बाबा पेणला एसटी स्टँडजवळच्या बूथवर आले आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा परदेशी फोन लावला. मी वण मोजत होतो.

"बाल्या, खांड गेली. भात गेला सगला," ते म्हणाले. आवाजात काळजी नव्हती. "आता तुझा मुडा धाड. हाय ना?"

त्या एका क्षणात खरं बोलता आलं असतं. काय झालं असतं? दोन शिव्या. पण माझ्या जिभेला सवय नव्हती. मी म्हणालो, "हाय की बाबा. एकाचे तीन झालेत."

"मला एकच पुरे," बाबा म्हणाले. "दोन ठेव तुला."

पुढचं भराभर सांगतो, कारण हळू सांगवत नाही. आमच्याच खात्यातला एक जण डोंगरउतारावरच्या लाल भाताचं काम करायचा. त्याच्या पोत्यातला दाणा घेतला. दिसायला अगदी रात्याचा सख्खा भाऊ. ग्रीनहाऊसमधल्या त्या वांझ रात्याचा पेंढा मी वाळवून ठेवला होता, त्यात तो दाणा घालून मुडा बांधला. पेंढा खरा, दाणा खोटा. भारतात निघालेल्या एका मित्राबरोबर पाठवून दिला आणि चार रात्री झोपलो नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. झोपलो. मनाशी म्हटलं, पाऊस चांगला झाला तर मीठ धुऊन जाईल.

पुढच्या दिवाळीला यमुनाच्या अक्षरात बाबांचं पत्र आलं. "यंदा खार लय चढला. भात जलला. तुझ्या बियान्याचा दोष नाय. तब्येत सांभाल." बस. त्यानंतर बाबांनी मुड्याचा विषय काढला नाही. मी त्यांना सुटकेच्या आनंदात खूप लांब पत्र लिहिलं. पुढे काही वर्षांनी ते गेले तेव्हा मी तेरा दिवसांसाठी आलो, उघाडीपाशी बसून लॉर्डची गोष्ट पुन्हा सांगितली, लोकांनी हसून घेतलं, आणि परत गेलो.

यीस्टवरून मी माणसांवर कसा आलो ते लांबण आहे. वण मोजून मोजून डोळे गेले म्हणा. मिठाचा माणूस म्हणून मला सार्वजनिक आरोग्याच्या एका गटात घेतलं. खाडीकाठच्या गावांत पिण्याचं पाणी मचूळ, जेवण खारं, तिथल्या लोकांचा रक्तदाब बघायचा. मी म्हटलं, गावं मी सांगतो. आणि बॅग भरली ती थेट पेण-रोह्याची. तिकडे माझं नाव शास्त्रज्ञ म्हणून छापलं होतं. इकडे माझ्याबरोबर घरोघर फिरायला जी आशा सेविका दिली ती रोह्याला दिलेली माझी बहीण यमुना. तिने पहिल्याच दिवशी मला बाजूला केलं. "दादूस, तू जास्त बोलू नको. तू बोललास की लोकांचं प्रेशर वाढतं."

आय आता यमुनाकडेच असते. शेवटच्या दिवशी मी यंत्राचा पट्टा तिच्या दंडाला बांधला. आकडा काही बरा नव्हता.

"आय, मीठ कमी कर," मी म्हणालो.

"आख्खा जलम मिठात पाय घालून काढला," आय म्हणाली, "न आता तू आलास मीठ मोजायला."

तिचा दंड माझ्या हातात होता. देवीचा एक, विळ्याचा एक, चुलीचे दोन; सवयीने मी वण मोजले. मान वर केली तेव्हा स्वयंपाकघराच्या स्लॅबला ठोकलेल्या हुकाला, गॅसच्या सिलिंडरच्या बरोब्बर वर, मुडा टांगलेला दिसला. घट्ट, गोल. बांधणी बाबांची.

"हा कसला?" मी विचारलं.

"रात्याचा," यमुना म्हणाली. "आपल्या."

मी हसलो. मी हसतो अशा वेळी. "राता तर त्या वर्षी जळला."

आय पट्ट्याकडे बघत बोलली. "तुझा मुडा आला त्या दिसालाच बापसाने दाना दाताखाली धरला. राता काचेसारखा तुटतो. तुझा दाना चेपला. बापूस बोलला, ह्यो आपला नाय."

"मग पेरला कशाला?"

"मी पन तेच ईचारलं. तर बोलला, गावाला म्हाईत हाय पोराचा मुडा आलाय. नाय पेरला तर ईचारतील. चांगलं शेत लावलं त्याला. जलनार म्हाईत असून लावलं. न मग सगल्यांना सांगत फिरला, यंदा खार चढला."

यंत्र सुस्कारा सोडून रिकामं झालं. मी पट्टा काढायचा विसरलो. जुन्या पानाने मीठ कसं कोंडून ठेवलं हे मी आकड्यांनिशी छापलं होतं, आणि ते कोणासाठी कोंडलं हे मला रोह्याच्या स्वयंपाकघरात कळलं.

बाकीचं यमुनाने सांगितलं. त्याच वर्षी, बांधाच्या पायथ्याशी, खांड जायच्या आधीच्या सालात झडून मातीत झोपलेल्या दाण्यांतून थोडा राता आपसूक उगवला होता. चार-सहा लोंब्या. बाबांनी त्या डोक्याच्या रुमालात बांधून आणल्या, पुढल्या वर्षी परसात लावल्या, त्याच्या पुढल्या वर्षी एका तुकड्यात. तीन-चार वर्षांनी मुडा झाला. पुन्हा दोन मुडे झाले. तोवर यमुना रोह्याला लग्न होऊन गेली होती. बाबांनी दुसरा मुडा तिच्याकडे आणला, घरात आढं नाही म्हटल्यावर स्वतः स्लॅबला भोक पाडून हुक ठोकला, आणि तिला बांधणी शिकवली. मला कुणी कळवलं नाही. कळवू नको असं बाबांनी सांगितलं नव्हतं, यमुना म्हणाली. कुणाला तसं सुचलंच नाही.

जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना हे कळेल, आणि जे राहिले त्यांनाही. गाव सोडलं म्हणून मला कुणी कधी बोललं नाही. जेवायला पाट आहे, दिवाळीला फोन आहे, लॉर्डच्या गोष्टीला अजून हशा आहे. घराचा दरवाजा मला कधी बंद झाला नाही. पण जे गमावून चालत नाही असं काही माझ्या हाती द्यायचं, ते त्या घराने केव्हाच बंद केलं, आणि मला तिकडे बसून वाटत राहिलं की मी अजून त्या घरातला आहे.

मी खुर्चीवर चढलो आणि मुड्याला हात लावला. "यमुना, यंदा एक मुडा माझ्याकडं दे," मी म्हणालो. "या वेळी दिवे नाय लावनार."

ती सर्व्हेचे कागद पिशवीत भरत होती. तिचा नवरा कंपनीत शिफ्टला, मुलं कॉलेजात. तरी दर पावसात ती जित्याला उतरते, आमचा तुकडा लावते. "दादूस, मुडा हुशार मानसाला नाय देत. बांधावर येतो त्याला देतात," ती म्हणाली. "खांड गेली की घरटी एक मानूस लागतो. आपल्या घरचा मानूस म्हनून मी जाते. मास्तर हजेरी घेतो तसं एकेक घराचं नाव घेतात, न मी हाय बोलते. तू ये. चिखल टाक. मग बघू."

"येईन की," मी म्हणालो. "आषाढातच येतो. महिनाभर राहतो. आख्खा बांध एकटा घालतो."

आषाढात मला कुठे असायचं होतं ते माझ्या खिशातल्या तिकिटावर लिहिलेलं होतं. यमुनाला ते ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. तिचा जबडा जरासा हलला, दाढेखाली काहीतरी धरल्यासारखा. मग तिने मला खुर्चीवरून खाली उतरायला हात दिला, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चल. अजून चार घरं हायत."